पेलोन वॉशची राखुंडी

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज हर्बेरियममध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात, कुणीतरी चक्क राखुंडी मागायला आलं. मी इथे लागल्यापासून पहिल्यांदाच.

राखुंडी हे मी ठेवलेलं नाव. इथे तिला अ‍ॅशकप म्हणतात. वीतभरसुद्धा उंची नाही. फुलाची फिकट पिवळी वाटी, आणि वाटीच्या तळाशी चिमूटभर राख सांडल्यासारखा करडा रंग. अतुलला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, "राखुंडीने दात घासतात, देवू." पुण्याचा माणूस, सुधारल्याशिवाय राहवत नाही. मी वर्ध्याची. ठेवलं ते ठेवलं.

आलेली मुलगी एका सल्लागार कंपनीची होती. पेलोन वॉशच्या मैदानावर काही बांधायचंय, त्याआधी तिथे कोणती झाडं होती ते पाहायचं, म्हणून. वॉश म्हणजे पावसात तेवढी वाहणारी नदी, एरवी नुसती वाळू. आपल्या शहरापासून पश्चिमेला तासाभरावर. मी कपाट उघडून तिला सगळे नमुने दाखवले. जाड कागदावर वाळवून चिकटवलेली रोपं, प्रत्येकाच्या कोपऱ्यात चिठ्ठी, कुणी, कुठे, कधी गोळा केलं त्याची. सर्वांत जुना शंभर वर्षांपूर्वीचा, एका शाळामास्तरणीने घोड्यावरून जाऊन आणलेला. पाकळीचा पिवळा रंग अजून आहे.

मी तिला आपणहून सांगितलं, की वर्षं बघ. प्रत्येक नमुना हिवाळी पाऊस चांगला झाला त्याच्या पुढच्या वसंतातला आहे. कोरड्या वर्षी ही उगवतच नाही. बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं.

"सो इंटरेस्टिंग," ती म्हणाली. लिहून मात्र काही घेतलं नाही.

तरी मला दिवसभर बरं वाटत होतं. नागपूरला बॉटनीत एम.एस्सी. केलं, अतुलच्या व्हिसावर इथे अमेरिकेत आले, आणि वर्क परमिट येईपर्यंत कुणी मला झाडाचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. आता आठवड्याचे तीन दिवस मी या कागदांचे फोटो काढून कॉम्प्युटरवर चढवते. पगार नावाला. पण त्या कपाटांच्या खोलीत मी कुणाची तरी बायको नसते.

४ नोव्हेंबर, मंगळवार

डोकं तडकलंय.

वॉल्टरने त्या मुलीच्या कंपनीचा अहवाल दाखवला. वॉल्टर म्हणजे आमचा क्युरेटर, हर्बेरियमचा प्रमुख. जन्म याच वाळवंटात गेलेला, निवृत्तीला आलेला, आवाज कधी वर न चढलेला माणूस. अहवालात लिहिलंय: "ही प्रजाती या जागी आता अस्तित्वात नाही." आधार? आमचे नमुने जुने आहेत हा एक, आणि गेल्या एप्रिलमध्ये त्यांनी मैदान चालून पाहिलं, एकही रोप दिसलं नाही, हा दुसरा. गेल्या हिवाळ्यात तिथे पाऊसच झाला नव्हता! नागफणीसुद्धा सुरकुतली होती.

आणि खाली आभार: "विद्यापीठाच्या हर्बेरियमच्या सहकार्याने." सहकार्य मी केलं. कपाट मी उघडलं.

"हे खोटं आहे, वॉल्टर."

"खोटं नाही, अपुरं आहे," ते म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

मग पहिलं पान नीट वाचलं. मैदानावर बांधायचंय ते डेटा सेंटर, आणि अर्जदार कोण? अतुलची कंपनी.

जेवताना त्याला विचारलं. त्याला प्रोजेक्ट माहीत होतं, फुलाचं माहीत नव्हतं. मी काउंटीला, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाला, हरकत पाठवणार म्हटल्यावर त्याने पोळी खाली ठेवली.

"देवू, प्लीज. यात पडू नकोस."

"का?"

"का काय? ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत आपण. माझी नोकरी गेली तर दोन महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर बॅगा भरायच्या. नैनाचं काय? आपल्याबरोबर या व्हिसावर ती एकविसाव्या वर्षापर्यंतच. तोवर आपण टिकायला हवं ना इथे?"

नैना तीन वर्षांची असताना आली, आता सतरा पूर्ण. ती म्हणाली, "कॅन यू गाइज नॉट यूझ मी अ‍ॅज अ रीझन?" आणि ताट घेऊन उठली.

अतुलचं बरोबर आहे, हे मला कळतं. म्हणूनच जास्त राग येतोय. लग्न झाल्यापासून प्रत्येक गोष्टीत त्याचं बरोबरच असतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सलग तीन दिवस पाऊस. हळू, जमिनीत मुरणारा. असा पाऊस गेली कित्येक वर्षं झाला नव्हता, असं वॉल्टर म्हणाले. खिडकीजवळ उभे राहून हसत होते.

मी काउंटीला हरकत पाठवली. स्वतःच्या नावाने, देवयानी चितळकर, एवढंच. विद्यापीठाच्या वरच्या ऑफिसातून निरोप आला होता, की हर्बेरियमच्या वतीने कुणी बोलू नये. का, ते सांगितलं नाही. वॉल्टरना म्हटलं, तुम्ही पण सही करा. ते म्हणाले, "दोन वर्षं राहिलीत माझी. मला शांतपणे जायचंय." मी कागद पिशवीत घालून निघाले. बोलायला हवं होतं.

माझी मागणी साधी आहे. मार्चपर्यंत थांबा. पाऊस झालाय. यंदा उगवेल नाहीतर नाही उगवणार, पण बघून तरी ठरवा.

अतुलला पाठवल्यानंतर सांगितलं. तो नुसतं "बरं" म्हणाला. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

१० डिसेंबर, बुधवार

सुनावणी चौदा जानेवारीला. कंपनीला वसंताच्या आत परवानगी हवी आहे. अर्थातच.

अतुल आज चार वाजताच घरी आला. हातात खोकं. त्यात त्याचा मग, कुशन, नैनाने दुसरीत काढलेलं चित्र. म्हणाला, ऑफिसचा मजला बदलतोय, सध्या सगळ्यांनी घरून काम करायचं. मग खोकं गॅरेजमध्ये ठेवून बराच वेळ तिथेच फोनवर बोलत होता. माझ्यावरचा राग असा दाखवतो हा. बोलायचं नाही, गॅरेजमध्ये जाऊन बसायचं.

१३ डिसेंबर, शनिवार

कांचनकडे जेवायला गेलो. कांचनचा नवरा उल्हास अतुलच्याच कंपनीत आहे, दोघं एकाच वर्षी इथे आले. कांचनने मला स्वयंपाकघरात गाठलं. भरली वांगी वाढता वाढता म्हणाली,

"अगं, एका फुलासाठी? ज्याचं नाव पण तूच ठेवलंयस?"

"नाव मी ठेवलंय. फूल आधीपासून आहे."

"हे बघ, आपण पाहुणे आहोत इथे. पाहुण्याने यजमानाच्या अंगणाबद्दल बोलायचं नसतं."

"इतकी वर्षं टॅक्स भरणारा पाहुणा तू कुठे पाहिलास, कांचन?"

तिने पातेल्यावर झाकण टाकलं. मग डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "तुला खरंच काही दिसत नाही का गं?" आणि डाव घेऊन बाहेर गेली. मला काय दिसायला हवं होतं? तिला भीती वाटते, तेवढं दिसलं. भीती मलाही वाटते. पण मी ती भरल्या वांग्याबरोबर लोकांना वाढत नाही.

निघताना उल्हास गाडीपर्यंत सोडायला आला आणि त्याने अतुलला मिठी मारली. उल्हास! ज्याला वाढदिवसाला हात मिळवायलाही संकोच वाटतो. इथे राहून माणसं बदलतात.

२९ डिसेंबर, सोमवार

अतुल हल्ली मला फार विचित्र वाटतो. दाढी करत नाही. मग एकदम एखाद्या सकाळी शर्ट इस्त्री करून, लॅपटॉपसमोर बसून, दार लावून घेतो. बाहेर येतो तेव्हा चेहरा घामेजलेला. नैनाला शाळेत सोडणं, आणणं, भाजी, सगळं तोच करतोय. मला वाटतं, मी कशी घर सोडून फुलामागे लागले आहे हे मला जाणवून द्यायचा प्रकार आहे. पुणेरी टोमणा, न बोलता मारलेला.

पण आज म्हणाला, "तुझं भाषण म्हणून दाखव."

मी उभी राहिले आणि वाचलं. तो सोफ्यावर बसून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "सुरुवात कापून टाक. माफ करा, मी फक्त एक पार्ट-टाइम कर्मचारी आहे, वगैरे. माफी कशाला मागतेस?"

मी कापलं. तो माझ्या बाजूने आहे का नाही, हे मला अजून कळत नाही.

४ जानेवारी, रविवार

नैनाला घेऊन पेलोन वॉशला गेले. मैदानाला कुंपण आहे, पण रस्त्याच्या कडेची पट्टी सरकारी. गुडघ्यांवर बसून तास-दीड तास शोधलं, आणि सापडली. कुंपणाच्या तारेखाली, वाळूत चपटी बसलेली, रुपयाएवढ्या गोलात पसरलेली पानं. खरखरीत, बोटाला चिकटणारी. एक, मग दहा, मग मोजणं सोडलं.

मी ओरडलेच. नैना धावत आली. "इज दॅट इट? आई, इज दॅट इट?"

आणि मग आठवलं. राखुंडीची एक बहीण आहे, साधी, वाळवंटात सगळीकडे उगवते. फूल येईपर्यंत दोघींची पानं सारखीच. फोटो वॉल्टरना पाठवले. त्यांचं उत्तर आलं: "दोन्हींपैकी कोणतीही असू शकते. वाईट वाटतं."

परत येताना गाडीत नैना म्हणाली, "जस्ट से इट्स द वन. कुणाला कळणार आहे?"

"मला."

"ते लोक खोटं बोलतात, आणि तू ऑनेस्ट राहणार? दॅट्स हाऊ यू लूज, आई."

"हरेन मग. पण त्या कपाटातल्या एकाही चिठ्ठीवर कुणी खोटं लिहिलेलं नाही. मी पहिली होणार नाही."

मग नैना म्हणाली, "ओके, दॅट वॉज काइंड ऑफ बॅडअ‍ॅस." याचा अर्थ अतुलला विचारला. म्हणाला, चांगलाच आहे.

१४ जानेवारी, बुधवार

लिहायला बसले आहे. जसं झालं तसं लिहिते.

काउंटीचं सभागृह भरलं होतं. पुढे उंच टेबलामागे पाच सदस्य. बोलणाऱ्याला तीन मिनिटं, समोर दिवा: हिरवा, पिवळा, लाल. माझ्या आधी कंपनीची माणसं बोलली, नोकऱ्या, विकास, भविष्य. मग माझं नाव पुकारलं. उच्चाराचं वाटोळं केलं. मी माईकजवळ जाऊन आधी माझं नाव नीट सांगितलं, दोनदा.

म्हटलं, "अहवाल म्हणतो हे फूल आता इथे नाही. सल्लागार गेल्या एप्रिलमध्ये पाहायला गेले, त्या हिवाळ्यात तिथे पाऊस झाला नव्हता. भर दुपारी तुम्ही एखाद्या दारावर टकटक केलीत, कुणी उघडलं नाही, म्हणून घरात कुणी राहत नाही असं लिहाल? आमच्याकडे शंभर वर्षांचे नमुने आहेत. हे फूल मध्येच वीस वर्षं दिसलं नाही, आणि पुन्हा आलं. ते मेलेलं नव्हतं. वाट पाहत होतं."

मधल्या खुर्चीतल्या बाईंनी विचारलं, "मॅडम, यंदा तुम्ही ते झाड पाहिलंत का?"

"पानं पाहिली. ती याच फुलाची असतील किंवा दुसऱ्या एका साध्या फुलाची. फूल आल्याशिवाय मी सांगू शकत नाही."

मागे कुणीतरी हसलं.

"मी सांगू शकत नाही," मी म्हटलं, "आणि मी सांगू शकत नाही, तर त्यांनाही सांगता येत नाही. मी ते कबूल करते आहे. त्यांनी 'नाही' असं लिहून टाकलं आहे. एवढाच आमच्यात फरक आहे."

हसणं थांबलं. तेवढ्यात कंपनीचा वकील उठला. अगदी गोड आवाजात म्हणाला, की बाईंचे यजमान अर्जदार कंपनीतच नोकरीला आहेत, तेव्हा यामागे काही घरगुती नाराजी आहे का, हे सभेने लक्षात घ्यावं.

दिवा पिवळा झाला. आणि मागून आवाज आला.

"एक्स्क्यूज मी. हर हजबंड डझंट वर्क देअर. नॉट सिन्स डिसेंबर."

अतुल. शेवटच्या रांगेत उभा, इस्त्रीच्या शर्टात. मला तो आल्याचंही माहीत नव्हतं.

बाईंनी त्याला बसायला सांगितलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचा वेळ शिल्लक आहे."

खोकं. गॅरेज. उल्हासची मिठी. कांचनच्या डोळ्यांतलं पाणी. सगळं एकदम डोक्यात आलं, आणि मी काय सांगत होते तेच विसरले. समोर तो पिवळा दिवा. मग वाटलं, आता गप्प बसले तर त्या वकिलाला जे हवं होतं ते मिळेल.

म्हटलं, "आता तुम्हाला कळलं, इथे येऊन बोललं की काय होतं ते. मी तरी आले आहे. मार्चपर्यंत थांबा. फूल आलं नाही तर मी स्वतः इथे येऊन सांगेन की माझं चुकलं."

लाल.

तीन विरुद्ध दोन. निर्णय एप्रिलपर्यंत पुढे ढकलला. फुलांच्या हंगामात पुन्हा पाहणी करायची, आणि ती हर्बेरियमकडून तपासून घ्यायची.

पार्किंगमध्ये मी अतुलला धरलं.

"का नाही सांगितलंस?"

"मॅनेजर म्हणाला, घरचं जरा सांभाळ. मी म्हटलं, घरी काही बिघडलेलं नाही. आठवड्याने माझी पोझिशनच राहिली नाही."

"मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू बोलली नसतीस."

"बोलले असते!"

त्याने विचार केला. "हो. बोलली असतीस. पण आवाज खाली गेला असता तुझा. मला तो आज ऐकायचा होता."

मी त्याच्या छातीवर मूठ मारली. जोरात. "पुन्हा माझ्या वतीने काही ठरवायचं नाही," म्हटलं. "वाईट बातमी असली तरी अर्धी माझी आहे." तो हो म्हणाला. मग आम्ही दोघं गाडीत बसून रडलो, मग भूक लागली म्हणून टाको खायला गेलो.

डिसेंबरचे सगळे दिवस मी या वहीत त्याला शिव्या घालत होते. ते पुसणार नाही. तसंच राहू दे.

८ फेब्रुवारी, रविवार

दोन महिन्यांची मुदत संपायच्या दोन दिवस आधी अतुलला नोकरी मिळाली. फ्रिस्को, टेक्सास. तोवर आमची सामान विकायची यादीसुद्धा झाली होती. पहिला फोन त्याने उल्हासला केला.

त्याला लगेच जायचंय. सगळे म्हणाले, मी पण जावं. कांचन म्हणाली, सासूबाई म्हणाल्या, माझी आईसुद्धा पुलगावहून म्हणाली. मी सांगितलं, नैनाची शाळा मे अखेरपर्यंत आहे आणि राखुंडी मार्चमध्ये. आम्ही जूनमध्ये येऊ. अतुलने कुणाला काही समजावलं नाही. नुसतं म्हणाला, "ती जूनमध्ये येणार आहे."

सोमवारी वॉल्टरनी मला बोलावून काउंटीला पाठवायचं पत्र दाखवलं. हर्बेरियमच्या वतीने पाहणी तपासणारी व्यक्ती म्हणून माझं नाव, खाली त्यांची सही.

"वरचं ऑफिस?" मी विचारलं.

"त्यांनी हर्बेरियमचा माणूस मागितलाय. तो मी निवडायचा असतो." चष्मा पुसायला घेतला, मग तसाच परत डोळ्यांवर ठेवला. "शांतपणे जायचं राहून गेलं, देवयानी."

१२ मार्च, गुरुवार

राखुंडीच आहे.

कुंपणाच्या आत, परवानगीचा कागद खिशात घेऊन, मी आणि वॉल्टर सकाळी उन्हं कोवळी असताना पोचलो. गाडीतून उतरल्याबरोबर मला वाटलं जमिनीवर ऊन वेगळं पडलंय. मग लक्षात आलं, ऊन नव्हे. मैदानभर पिवळी. वॉशच्या काठापासून पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत. वॉल्टर खाली बसले, एक वाटी बोटाने कलती केली. तळाशी राख. त्यांनी तीच वाटी पुन्हा पुन्हा कलती करून पाहिली. त्यांना आयुष्यात ती जिवंत पहिल्यांदाच दिसत होती, हे मला तेव्हा कळलं.

दुपारी कंपनीचा इंजिनिअर आला. सभ्य माणूस. म्हणाला, वॉशच्या काठाची पट्टी आम्ही सोडू, बाकी मैदानावर बांधू, सगळे खूश. मी म्हटलं, मी खूश नाही. तो म्हणाला, अर्धं वाचणं म्हणजे खूप झालं. मी म्हटलं, अहवालात तर शून्य होतं, तेव्हा अर्ध्याचा हिशोब तुम्ही मला शिकवू नका. एप्रिलच्या सुनावणीला भेटू.

कदाचित अर्धंच वाचेल. कदाचित तेवढंही नाही. फ्रिस्कोहून मला प्रत्येक सुनावणीला येता येईल की नाही, ठाऊक नाही. पण "अस्तित्वात नाही" हे आता कुणाला लिहिता येणार नाही. मैदानाच्या मधोमध, जिथे पहिली इमारत दाखवली आहे तिथूनच, मी एक रोप मुळासकट काढलं आणि वर्तमानपत्राच्या घडीत दाबलं. चिठ्ठीवर गोळा करणाऱ्याच्या जागी माझं आख्खं नाव लिहिलं. किती आढळलं, या रकान्यात लिहिलं: विपुल.

संध्याकाळी आवरायच्या आधी कुंपणाचा पहारेकरी गाडी लावून चालत आला. धिप्पाड, तरुण. मला लांबूनच ओरडून सांगत होता की ही खाजगी जागा आहे, निघा.

मी उठले नाही. परवानगीचा कागद वर धरला आणि ओरडले, "कागद आहे माझ्याकडे. आणि तुम्ही त्यांच्यावर उभे आहात!"

तो थबकला. खाली बघितलं. मग एक पाय उचलला, आणि दुसरा कुठे ठेवावा हे न कळून तसाच एका पायावर उभा राहिला.

"सगळीकडेच आहेत की हो," तो म्हणाला.

"तेच तर सांगते आहे," मी म्हटलं.